शववाहिनी पळवायची कशी

आज दादाची गाडी दोराने बांधून ओढून नेली. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, दवाखान्याची शववाहिनी चालवतो. चालवायचा, असं लिहायला हवं. हात वळत नाही.

उभी हयात त्याने एकाच रस्त्यावर काढली. दवाखान्याच्या मागच्या दारातून निघायचं, बाजाराला वळसा घालायचा आणि टेकडीच्या चढाने स्मशानात. मागून चालत येणारं म्हातारं माणूसही मागे पडू नये, इतकं हळू. दवाखान्यातले लोक त्याला गोगलगाय म्हणत. तो म्हणे, "गोगलगाय कुणाला धडकल्याचं ऐकलंय का?"

पण हळू चालण्यानेच गाडीचा घात केला. ती खोकत सुरू व्हायची, उभी असली की थरथरायची, चढावर दम टाकायची. एकदा स्मशानाच्या फाटकातच बंद पडली. साहेबांनी ताकीद दिली : पुन्हा असं झालं तर गाडी भंगारात आणि तुम्ही घरी. घरी म्हणजे कुठे? दादा-वहिनीची खोली गाड्यांच्या शेडमागे, नोकरीबरोबर मिळालेली. वहिनी दम्याने अंथरुणाला खिळलेली. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्परही गेलं.

वहिनीला होत नाही म्हणून दादाचा डबा मीच नेते. त्या दिवशी तो गॅरेजमध्ये भेटला. मिस्त्रीने इंजिनातला प्लग काढून त्याच्या तळहातावर ठेवला. टोक काळंकुट्ट, पण कोरडं. बोट लावलं की तव्याच्या बुडासारखी काजळी.

"तेल जळत असतं तर हे ओलं, चकचकीत दिसलं असतं," मिस्त्री म्हणाला. "हा कार्बन. तुमचं इंजिन तापतच नाही हो. ते तापायच्या आत तुमचं गिऱ्हाईक पोचतं."

मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. पडद्यावर पिस्टनचा माथा दिसला. दूध लागलेल्या पातेल्याचा तळ असतो ना, तसा.

"भिजत घालावं लागेल," मी म्हणाले.

"तेच करणार, मावशी."

त्याने प्लगच्या भोकांतून औषध ओतलं आणि मुरू दिलं. दुसऱ्या दिवशी भोकांवर फडकं धरून इंजिन फिरवलं, तेव्हा फडकं डांबरात बुडवल्यासारखं झालं. इंजिनात हवा जाते ती वाट ब्रशने घासली, प्लग नवे बसवले, तेल बदललं.

"पण काम अर्धंच झालंय," तो दादाला म्हणाला. "आतला उरलेला कार्बन आता सुटा झालाय. मोठ्या रस्त्याला जा, खालच्या गिअरमध्ये दाबून पळवा. इंजिन चांगलं तापलं की सगळं जळून बाहेर पडेल. नाही पळवलीत तर एखादी खपली वॉल्वखाली अडकेल आणि गाडी बसेल. मग मला बोल लावायचा नाही."

"शववाहिनी पळवू?"

"मोकळी पळवा की."

"मोकळी पळवली तर लोक म्हणतील, मढं वाटेत टाकून पळाला."

मिस्त्री हसला, दादाही हसला. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाला, "धाकटे, तू चल बरोबर. एकट्याने पळवायची म्हणजे बरं नाही वाटत."

मी जपमाळ घेतली आणि त्याच्या शेजारी बसले. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. गाडी असा आवाज करू शकते हे मला ठाऊक नव्हतं. आरशात पाहिलं तर मागे काळ्या धुराचा लोट. "निघतंय बघ," दादा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल झालेला पाहिला.

पुढे रस्ता खणणारे मजूर होते. गाडी पाहून त्यांनी कुदळी खाली ठेवल्या, डोक्यावरची फडकी काढली आणि माना खाली घालून उभे राहिले. दादाचा पाय आपोआप उचलला गेला.

"दाब ना रे," मी म्हणाले.

"उभे राहिलेत गं ते."

"आत कुणी नाहीये."

"त्यांना कुठे माहीत?"

आम्ही त्यांच्यापुढून दादाच्या नेहमीच्या चालीने गेलो. पुढे ट्रकवाल्याने ट्रक बाजूला घेतला, सायकलवाला खाली उतरला. जो तो थांबे, आणि दादाला पाय दाबवेना. धूर थांबला तसा तो म्हणाला, "पहाटे येऊ, कुणी नसताना."

पहाट काही आपल्यासाठी मोकळी राहत नाही. त्या पहाटे दवाखान्यातून बोलावणं आलं, दुसऱ्या पहाटेही आलं. गाडी पुन्हा त्याच वाटेला, त्याच चालीला लागली.

परवा एका शिंप्याच्या बायकोला नेताना ऐन चढावर गाडीने आचके दिले आणि ती बसली. मागे घसरू नये म्हणून सोबतच्यांनी चाकांखाली दगड लावले आणि बाईला खांद्यावर घेतलं. दादा खांदा द्यायला पुढे झाला, तर शिंपी म्हणाला, "राहू द्या, तुम्ही गाडीपाशी थांबा." तो चढ त्यांनी पायी चढला. दादा खालीच उभा राहिला.

आज मिस्त्रीने इंजिन उघडलं. हरभऱ्याच्या सालाएवढी खपली वॉल्वखाली अडकली होती. दुरुस्त होईल म्हणाला, पण साहेबांनी ऐकून घेतलं नाही. नवी गाडी येणार, तिच्याबरोबर नवा ड्रायव्हर येणार आणि खोली त्याला लागणार.

वहिनी आवाज चढवणारी नाही. धाप लागत होती तरी म्हणाली, "जन्मभर मेलेल्यांचा मान राखलात. आता मला कुठे ठेवणार तेवढं सांगा." दादा तिच्या पायांवरची चादर नीट करत राहिला.

मीच म्हणाले, माझ्याकडे चला. ह्यांना विचारलं, ते 'बरं' एवढंच म्हणाले. घर तरी केवढं! मी जपाला बसते तो खिडकीकडचा कोपरा मोजून पाहिला, वहिनीची खाट तिथे मावते. हवाही येते. मी चुलीपाशी बसेन; देवाला काय, नाव घेतलं म्हणजे झालं. दादाचं अंथरूण कुठे घालायचं ते अजून सुचलेलं नाही.