शिक्क्याचं पॅड उडालंच नाही

ही गोष्ट मी घरच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात सांगितली आहे. खरी मात्र एकदाही नाही. तुम्ही आमच्या नात्यातले नाही, म्हणून आज जीभ वळते आहे.

प्रज्ञा, माझ्या बहिणीची मुलगी, तुमसरच्या राइस मिलमधल्या हमालाची लेक—डॉक्टर झाली. तिच्या खाजगी मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशाची माझी गोष्ट अशी : शेवटची फेरी, कॉलेजवाले यादी डावलायला बघतात, मामा टेबलावर असा हात आपटतो की शिक्क्याचं पॅड उडतं, आणि जागा मिळते. पोरं टाळ्या वाजवतात. पॅड दर वर्षी थोडं उंच उडतं.

आता खरं. कसं सांगू?

एकच जागा उरली होती. यादीत प्रज्ञा वर, तिच्याखाली कोणा मोठ्या माणसाचा मुलगा. ती झेरॉक्स काढायला गेली आणि टेबलामागच्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, ‘साहेब’ म्हटलं. मी सरकारी कारखान्याच्या स्टोअरमधला कारकून—मला साहेब कोण म्हणतं? मग म्हणाले, कागद अपुरे आहेत, वाद घातलात तर पोरीला पुढच्या वर्षीही त्रास होईल, इथं सही करा. वीस वर्षं समोर येईल त्या कागदावर सही करत आलेला माणूस मी. पण सवयीनं केली, असं समजू नका. मी वाचलं होतं. ‘ही जागा आम्ही स्वेच्छेने सोडत आहोत.’ वाचलं, घाबरलो—आणि केली.

प्रज्ञा परत आली. कागद उचलून तिनंही वाचला. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

तिनं आवाज चढवला नाही. “ही सही माह्या मामाची आहे. मले अठरा पूर्ण झाले. मीनं सही केली नाही, तं जागा सोडली कोनं?”

पालकाची सही चालते, असं गृहस्थ म्हणाले.

“तं मंग तो नियम दाखवा. मी बसते इथंच.”

बाकांवरचे पालक एकेक करून उठले आणि टेबलाभोवती उभे राहिले. नियम काही निघाला नाही. वेळ संपायला दहा मिनिटं असताना प्रज्ञाचं नाव रजिस्टरात चढलं. केवढ्या टाळ्या पडल्या! मी तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी चौथा ग्लास पीत होतो.

घरी ताईनं दारातच विचारलं, कसं झालं? प्रज्ञानं तोंड उघडायच्या आत मी बोललो, “मीनं टेबलावर हात आपटला ना ताई.” काहून बोललो असं? मला कोणी विचारलं होतं? प्रज्ञानं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि ती जेवायला बसली.

गेल्या महिन्यात लाखनीला तिनं दवाखाना उघडला. पहिल्याच सकाळी बाकावर बसायला जागा नव्हती. उद्घाटनाच्या कार्यक्रमात माझा सत्कार—शाल, नारळ. मी गोष्ट सांगितली. पॅड छताला लागलं.

नंतर डिग्री काढायला तिनं माझ्या हातात फाइल दिली. डिग्रीच्या मागेच तो कागद होता, घडी घातलेला. सही माझीच—ठसठशीत, खाली रेघ ओढलेली. मी तो होता तिथं ठेवला.

डिग्री आता भिंतीवर आहे. खिळा तिनंच ठोकला. मी खाली स्टूल धरून उभा होतो.