आठ दिवस काम बंद

माझं काम सांगितलं की लोकांना ते काम वाटतच नाही. सॉफ्टवेअर बनवतो एक जण, वापरतं दुसरंच कोणी, आणि मधे बसून मी लिहिते: ‘येथे क्लिक करा. आता तारीख भरा.’ एवढंसं सांगायला माणूस लागतो का, असं मावशी विचारते. मला राग येतो, कारण मलाही कधीकधी तोच प्रश्न पडतो.

गेल्या वर्षी जळगावात अशाच एका सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका माझ्याकडे आली. पूल, रस्ते, शाळाखोल्या अशी बांधकामं कधी, किती दिवस आणि कशामुळे रखडली, याच्या जुन्या नोंदी त्यातून शोधता येत. कामाचा क्रमांक टाकायचा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते टाकायचं, की समोर तक्ता येई. बंद दिवस किती, कारण काय. नोंदी धुळ्याच्या एका कार्यालयात भरल्या जात, म्हणून आठवड्यातून एकदा मी एसटीने धुळ्याला जाई.

नोंदी चाळायला लागले आणि कपाळावर हात मारला. जिकडेतिकडे पाऊस. आषाढात पाऊस, ठीक आहे. पण फाल्गुनात पाऊस, चैत्रात पाऊस, वैशाखातही पाऊस. वैशाखात आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. नोंदी भरणारे ऑपरेटर निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना भाऊच म्हणत. त्यांना विचारलं, तर शांतपणे म्हणाले, “ताई, साइटवरच्या वह्या माझ्याकडे मार्चअखेर येतात, वर्षभराच्या एकदम. जागेचं कारण टाकलं तर वरून पत्र येतं, मजुरांचं टाकलं तर दुसऱ्या खात्याचं येतं. पावसाचा खुलासा कोणी मागत नाही.”

“आणि दिवस? तेही असेच ठोकून देता?”

“नाही हो. दिवस वहीतलेच. त्यावर ठेकेदाराला मुदतवाढ मिळते, तो एक दिवस सोडणार नाही.”

‘कारण हा रकाना विश्वासार्ह नाही’ अशी टीप मी पुस्तिकेत टाकली. तिथल्या कार्यालयाच्या साहेबांनी ती खोडली. पूर्वीची मी असते तर भांडले असते. पण तेव्हा मी बऱ्याच गोष्टी सोडून देत होते.

त्याच्या तीन वर्षं आधी माझे वडील गेले होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते सेंट्रिंगचे मिस्त्री. स्लॅब ओतण्याआधी त्याच्याखाली जो फळ्या-बल्ल्यांचा सांगाडा लागतो, तो उभा करायचे. धरणगावकडे आमच्या गावच्या नाल्यावर पूल चालला होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. वैशाखात एका सकाळी नाना सांगाड्यावरून पडले आणि जागीच गेले. मी रडले नाही. बायकांनी मला रडवायचाही प्रयत्न केला, माझ्या गळ्यात पडून हंबरडा फोडून पाहिला. मला काही झालं नाही. आधी त्याची लाज वाटायची, मग तीही वाटेनाशी झाली.

तेराव्याला ठेकेदाराचा माणूस आला. ओट्यावर बसून म्हणाला, “नानांसाठी आम्ही आठ दिवस काम बंद ठेवलं होतं.” आईने ते वाक्य धरून ठेवलं. सोयरा येवो, शेजारीण येवो, ती सांगायचीच, “आठ दिन काम बंद व्हतं त्यासनासाठे.” खरं सांगायचं तर मीही ते धरून ठेवलं होतं. मला रडता आलं नव्हतं, पण कोणीतरी हातातलं काम खाली ठेवलं होतं. तेवढ्यावर माझं चाललं होतं.

या नव्या कामाबद्दल मी आईला सहज सांगितलं, आणि ती पटकन म्हणाली, “त्यामा आपला गावना पूल शे का?”

“असेल.”

“मंग दख ना. आठ दिन लिखेल शेतस का?”

मी टाळत राहिले. क्रमांक सापडत नाही, कॉम्प्युटर बंद आहे, असं काहीबाही सांगितलं. मला भीती वाटत होती. आठच्या जागी दुसरा आकडा निघाला तर तो घेऊन मी तिच्यासमोर कशी जाणार होते? तिच्याकडे दुसरं काय होतं?

शेवटी पुस्तिकेनेच गाठलं. ‘नोंद कशी शोधावी’ या प्रकरणाला एक खरं उदाहरण हवं होतं. भाऊंकडून मी आमच्या पुलाचा क्रमांक घेतला आणि वैशाखाच्या तारखा टाकल्या. एकच ओळ आली. बंद दिवस: एक. कारण: पाऊस. तारीख नाना गेले त्याच दिवसाची, म्हणजे पोलीस पंचनाम्याला आले तो दिवस. तारखा पुढे वाढवून पाहिल्या, तर पुढची ओळ थेट श्रावणातली.

मी त्या पडद्याचा फोटो घेतला, कडा कापल्या, एक बाण काढला आणि खाली लिहिलं: ‘येथे बंद दिवसांची संख्या दिसते.’ मग डबा खाल्ला. भेंडीची भाजी होती.

शनिवारी गावी गेले. आई सूप घेऊन तूर पाखडत होती. काय सांगायचं ते मी वाटेतच ठरवलं होतं. “सापडी गया पूल,” मी म्हटलं. “आठच दिन शेतस.”

तिचे हात थांबले नाहीत. “खोटं बोली राहिनी तू,” ती म्हणाली. “दुसराच दिवसले मशीन चालू व्हयनं. माल कालवानं मशीन. दिनभर आवाज ई राहिंता. घरमा बठेल सगळ्या बायासनी ऐकं. मी ऐकं.”

मी विचारलं, “मंग लोकेसले आठ कसाले सांगस?”

“तुनासाठे. तो मानूस आठ दिन बोलना, तवय तू मान वर करीसन दखं. तेरा दिनमा पहिल्यांदा. म्हनीसन सांगस मी. कागदवर तरी आठ व्हतीन आसं वाटनं, म्हनीसन तुले दखाले लावं.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “तुले खरंच आवाज नही उना का?”

मी आठवून पाहिलं. नानांना नेलं ते आठवलं. कोणीतरी पुढे केलेला चहा आठवला, भिंतीवरचा पोपडा आठवला. मशीन आठवलं नाही. त्या घरात मी तेरा दिवस बसून होते, नाल्याकडच्या खिडकीशी.

“नही,” मी म्हणाले.

आईने सूप बाजूला ठेवलं, माझ्याजवळ सरकून बसली आणि तो आवाज कसा होता ते मला सांगू लागली.