करकोच्यांचा हरभरा

आम्हाला स्वतःची जमीन नव्हती. तापीच्या गाळात आई निम्म्या वाट्यानं हरभरा पेरायची. थंडीत येणाऱ्या करकोच्यांनी खाऊन उरेल त्यातलाच निम्मा आमचा.

कॉलेजात सरांनी पक्षी बघायला आम्हाला नेमकं तिथंच नेलं. दहा जाती वहीत टिपल्याशिवाय परीक्षेला बसता येणार नव्हतं. आम्ही चिडीचूप बसलो, तेवढ्यात आईनं पत्र्याचा डबा बडवला. सगळे पक्षी उडाले.

"कोण ती बाई?" सर तडकले.

"माझी आई, सर. पाखरं हाकलायचं काम तिचं."

आई अहिराणीत सरांना म्हणाली, "भाऊ, पाखरं जोयजेत ना? पिशवीमा भरीसन लई जा सर्वा. मन्हा हरभरा तरी वाची."

मग उडणारं एकेक पाखरू दाखवत तिनं दहा नावं सांगितली. करकोच्याला ती शिवीच देत होती, तेवढं नाव मी बदलून लिहिलं.

पुढच्या वर्षी मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच.