संयोगिताची मूठ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज सकाळी सहाला संयोगिता म्हैस आणून बांधते आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून देते. यंदा गोठ्यात घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हाड जुळलं. पण पाच मिनिटं पिळलं की मूठ आवळलेलीच राही, बोटं उलगडत नसत. धारेची लय मोडली की म्हैस पान्हा चोरायची. नवऱ्याला, अमरसिंहला, तर म्हैस कासेला हातच लावू देईना.

"दसऱ्यापतुर बघतो," तो म्हणाला, "मग म्हस बाजारात न्हेऊन इकतो."

"कॅल्शम कमी पडलंय. दूध पी," सासूचं, धोंडुबाईंचं, निदान. संयोगितानं महिनाभर दोन्ही वेळा तांब्याभर धारोष्ण दूध रिचवलं. मूठ होती तशीच.

"काकी, दूधवालीलाच कॅल्शम कमी व्हय?" तिनं मला विचारलं. माझी लेक अदिती फिजिओथेरपिस्ट. ती घरातच होती.

"कमी नाही गं," अदिती म्हणाली. "स्नायूत कॅल्शियम सुटतं तेव्हा मूठ आवळते. सैल व्हायला ते परत साठ्यात ओढावं लागतं, त्याला ताकद लागते. ती बनवतात पेशीतले मायटोकॉन्ड्रिया. काम चालू असताना थोडं कॅल्शियम त्यांच्यातही शिरतं; तोच त्यांना इशारा, ताकद वाढवा म्हणून. प्लास्टरात हात निजून राहिला, तुझे ते कारखाने रोडावलेत."

"मग दुधानं भागत न्हाय?"

"कामानं भागेल. थोडं थोडं, रोज वाढवत. मूठ अडली की थांबायचं."

संयोगिता ओला टॉवेल पिळू लागली. आधी वीसदा, मग चाळीसदा.

"टावेल पिळून दूध निघतंय व्हय गं?" धोंडुबाई.

"आत्त्या, टावेल लाथ तरी मारत न्हाय की!"

पुढं गोठ्यातल्या दुसऱ्या गरीब म्हशीचे आधी दोन सड पिळले, मग चारी. मूठ अडली की उठायची, हात झाडायची, पुन्हा बसायची. कुणाला सांगितलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी म्हैस न्यायला अमरसिंहनं टेम्पो सांगून ठेवला होता. संयोगिता त्याच पान्हा चोरणाऱ्या म्हशीखाली बसली. सहाव्या मिनिटाला तिचा उजवा हात मंदावला, पण थांबला नाही. बोटं उलगडत होती, उशिरानं का होईना. म्हशीनं शेपटी हलवली, पान्हा धरून ठेवला नाही. कास रिकामी होईपर्यंत संयोगितानं मान वर केली नाही.

"टेम्पोवाल्याला फोन लावा," ती नवऱ्याला म्हणाली, "येऊ नगं म्हणावं."

त्यानं सगळ्यांदेखत लावला. तोवर ती पहिल्या गिऱ्हाइकाकडं वळली होती. "पावणं, भांडं धरा की!"