बुरुलचाची मळमळ

त्या घरात चहाला कधी खंड नव्हता. नारीन शहराकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून घर, सासरे गावातले वडीलधारे. मग काय, जो तो टेकायचाच. सुनेनं, म्हणजे बुरुलचानं, दाराकडेला सामोवारपाशी, चहाच्या बंबापाशी, बसायचं. पियाला भरायचा नाही. काठोकाठ भरला तर पाहुण्याला ‘उठा आता’ म्हटल्यासारखं. म्हणून दोन घोट ओत, पियाला परत घे, पुन्हा दोन घोट ओत. ती स्वतःसाठी नानचा तुकडा मोडून ठेवायची, तो तसाच राहायचा. तेवढ्यात सासऱ्यांचं पोट भरे, ते हात उघडून दुवा मागत, सगळे तोंडावरून हात फिरवत. दुवा झाली की जेवण संपलं, मग घास उचलायचा नाही. आवरून होतंय तोवर पुढची गाडी दारात! ही पाहुण्यांची हौस, आणि मरण कुणाचं?

लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. एका सकाळी मांस उकळत होतं, त्या वासानं तिला मळमळून आलं. ती अंगणात धावली आणि कोरड्या ओकाऱ्या काढत बसली. सासू सोनुनबूबू मागोमाग आली.

"काय गं, मळमळतंय?"

"हो अपा. रोज सकाळी मळमळतं. पाळीही लांबलीय."

"आणि आत्ता सांगतेस होय, भवाने?" म्हातारीचे डोळे भरून आले. "काय खावंसं वाटतंय? माग, काय हवं ते माग!"

"निवांत बसून खावंसं वाटतंय."

"अगं बाई! डोहाळे तरी बघा हिचे!"

चहा ओतायला धाकट्या नणंदेला बसवलं. नवरा एर्मेक बाजारातून सफरचंदं घेऊन आला. बुरुलचा लोडाला टेकून साय आणि गरम नान खाऊ लागली. पहिल्या दिवशी तर खाताखाताच तिला झोप लागली, इतकी ती थकली होती.

काही दिवसांतच मळमळ पार गेली. तोंडाला चव आली आणि मागोमाग पाळीही आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, ही मळमळ नव्हतीच. नुसती भूक होती, फार दिवस साचलेली. तिला बाळासाठी रडू आलं. आता बंद होणाऱ्या सायीसाठी त्याहून जास्त आलं, आणि त्याची तिला फार लाज वाटली. चार दिवस गप्प राहावं असंही मनात आलं. पण सासू पाळण्याच्या दुलईसाठी लोकर पिंजत बसलेली बघून तिला राहवेना.

"अपा, बाळ नाही."

"मग ती मळमळ?"

"उपाशी होते, अपा. माझं मलाच कळलं नाही."

सोनुनबूबूनं उठून आधी दार लावलं.

"बाळ नाही हे मी सांगीन सगळ्यांना. लोक दुवा देतील, पुढल्या वर्षी होईल म्हणतील. पण उपाशी होतीस हे तोंडातून काढू नकोस. आपल्या दस्तरखानावर मग कोण जेवायला बसेल?"

"नाही काढत."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. बुरुलचा उठली.

"थांब," सासू हळूच म्हणाली. "आधी चुलीमागं जाऊन खाऊन घेत जा, कुणी बघत नसताना. मी अजून तसंच करते."