शाळेच्या मागच्या खिडकीत

माझी मुलगी रोज आनंदानं शाळेत जाते, हे लक्षात आलं आणि मला संशय आला.

शाळा आमच्याच गावची, अंबड रोडवरची, जिल्हा परिषदेची. प्रज्ञा नववीत. घंटेच्या आधीच पोचायची, उशिरा परतायची, आणि वर हसत! मीही अशाच शाळेत शिकलो, पण हसत घरी आल्याचं काही आठवत नाही. (रडत मात्र नियमित.)

"काहीतरी गडबड आहे," मी बायकोला म्हणालो.

"कायची गडबड?" सुनंदा भाकरी थापत म्हणाली. "मी पालक सभेला गेल्ते. मॅडमनी खुर्ची दिली, चहा दिला, पोरीचं सगळं बराबर सांगितलं."

चहा! माझा संशय पक्का झाला. काही लपवायचं असल्याशिवाय आजकाल कोण कोणाला चहा पाजतं?

एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लँटमध्ये माझ्यासोबत गजाननभाऊ आहेत. त्यांचा सचिन प्रज्ञाच्याच वर्गात. त्यांना विचारलं, तर ते भडकलेच.

"अहो मिलिंदभाऊ, तिथं कोणी शिकवतच न्हाई! सचिन सांगून राह्यला, विज्ञानाचे सर पोळ्यापासून वर्गावर आलेच न्हाईत!"

वर्ग एक आणि गोष्टी दोन! आता स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरलं. प्लँटच्या सुट्टीच्या दिवशी गजाननभाऊंना गाडीवर मागं बसवलं, दोघांनी तोंडाला रुमाल बांधले (विचारलंच कोणी, तर धूळ!) आणि मागच्या बाजूनं कंपाउंडवरून आत उड्या मारल्या.

खिडकी उंच होती. जवळच एक प्लास्टिकची बादली पडली होती.

"तुम्ही चढा," गजाननभाऊ म्हणाले. "मी लक्ष ठेवतो."

बादली पालथी घालून चढलो. आत सर होते! टेबलावर लिंबं, लिंबांत खुपसलेल्या तारा, आणि प्रज्ञा शेवटची तार जोडत होती. इवलासा दिवा लागला. पोरांनी एकच गलका केला.

"सर आलेत!" मी कुजबुजलो.

"कोणते सर?"

"विज्ञानाचे!"

"मंग आमचा सचिन कुठंय?"

सचिनला शोधायला मी चवड्यांवर उभा राहिलो, आणि बादलीचं बूड गेलं. मी एका पायानं गुडघ्यापर्यंत बादलीत!

"चोर! चोर!" आतून आवाज उठला. लगेच दुसरा, "पोरं पळवणारा!" अख्खा वर्ग खिडकीशी आला. मी मदतीसाठी मागं पाहिलं. गजाननभाऊ लक्ष ठेवत ठेवत कंपाउंडच्या पलीकडं पोचले होते.

मुख्याध्यापिका मॅडमसमोर मी बादलीसकट हजर झालो.

"कोण तुम्ही?"

"पालक."

"पालक गेटातून येतात."

"प्रज्ञाच्या आईला फोन लावा," म्हणालो. मॅडमनी लावला, स्पीकरवर!

"ताई, इथं एक माणूस पकडलाय. तुमचा मिस्टर आहे म्हणतो."

"माझे मिस्टर?" सुनंदाला बिलकुल पटेना. "दिसतो कसा?"

"तोंडाला रुमाल आहे. पाय बादलीत अडकलाय."

पलीकडून लगेच, "हां, मंग तेच हायेत."

खुर्ची मिळाली. (बादलीमुळं पाय लांब सोडून बसावं लागलं.) चहाही मिळाला. शिपायानं कात्रीनं बादली कापली, तोवर मी हळूच सचिनचा विषय काढला.

"सचिन?" मॅडम म्हणाल्या. "तो पोळ्यापासून शाळेतच न्हाई आला. निरोप धाडून थकलो आम्ही. त्याला सर दिसणार कुठून?"

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ सचिनला हाताला धरून शाळेत सोडून आले. मी सुटलो असं वाटलं, तर मॅडमचा फोन. "तुम्ही बियाण्यांच्या प्लँटमध्ये आहात ना? शाळेची एवढी काळजी असणारे पालक आम्हाला पाहिजेतच. नववीच्या पोरांना बियाणं तपासायचं कसं ते सांगायला या."

इस्त्रीचा शर्ट घालून, गेटातून गेलो. वर्गात पाऊल टाकलं, तोच पहिल्या बाकावरची पोरगी शेजारच्या प्रज्ञाच्या कानात म्हणाली, "अगं, हे तुझे पप्पा ना?"

प्रज्ञानं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "न्हाई बाई. मी तर यांना पहिल्यांदाच बघून राह्यले!"