तिन्ही रकान्यांत बर्न्स वॉर्ड

जळिताच्या पांढऱ्या मलमाचा वास आला की नर्स म्हणून पहिल्या नोकरीचा फॉर्म आठवतो. पसंतीच्या वॉर्डांसाठी तीन रकाने होते आणि मी तिन्हींत ‘बर्न्स’ लिहिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, “अगं, तुझं इंग्रजी चांगलंय, डीलक्स वॉर्डला जा. बर्न्समधून मुली आठवड्यात पळतात.” माझं डोकंच फिरलं. “म्हणजे पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात भाजलेल्या कामगाराला कुणीही चालेल, आणि चांगली नर्स फक्त एसी खोलीवाल्यांना? सही करा, मॅडम.” त्यांनी सही केली. पहिल्याच ड्रेसिंगला माझ्या हातून पट्टी दोनदा सुटली, तेव्हा समोरचा भाजलेला पेशंटच म्हणाला, “आरामात करा सिस्टर, मला कुठं ड्युटीवर जायचंय?” आता नवी नर्स वॉर्डातून रडत बाहेर आली की मी तिला चहा पाजते आणि हाताला धरून परत आत नेते.